पिकअपच्या चेंबरखाली घरचा गार्ड: लावावा की लावू नये?

भांडुपचा_पिकअपवाला

माझी १.७ टन माल नेणारी पिकअप आहे. पहाटे वाशीच्या एपीएमसी मार्केटातून भाजी उचलायची आणि भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या दुकानांत पोचवायची, हा सात वर्षांचा धंदा. मागच्या जूनमध्ये काँक्रिटीकरण चालू असलेल्या एका गल्लीत ड्रायव्हरने गाडी घातली. डांबर खरवडून काढलेलं, मॅनहोलचं झाकण मात्र जुन्याच उंचीवर, आणि वर घोटाभर पाणी. रस्त्यावरच्या चेंबरने गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, फोडला. आवाज आला, पण मागून हॉर्न वाजत होते म्हणून पोरगा पुढे निघाला. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही नाक्यापर्यंत काढू म्हणाला. तेवढ्यात बेअरिंग गेले आणि क्रँक घासला. इंजिन उतरवावं लागलं, गाडी १९ दिवस उभी राहिली. गिऱ्हाईक १९ दिवस थांबत नाही.

म्हणून मी चेंबरखाली मार झेलायला लोखंडी प्लेटचा गार्ड स्वतः केला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन गाडीखाली झोपलो, चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) दोन्ही लांब दांड्यांच्या मधलं माप काढलं, पुठ्ठा कापत आणि दुमडत बसलो. तीन पुठ्ठे वाया गेले, चौथा बरोबर बसला. ८५० बाय ६०० मिलिमीटर, ३ मिमी एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट, पुढची कड वर वळवलेली. वजन १२ किलो. कापणं आणि बेंडिंग बाहेरून करून घेतलं, भोकं घरी मारली, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. चासीवर आणि क्रॉस मेंबरवर (आडव्या दांड्यावर) कंपनीचीच आटे असलेली भोकं होती, त्यात चार एम१० (१० मिमी जाडीचे) बोल्ट. पत्रा, रंग, बोल्ट धरून चार हजारांच्या आत काम झालं.

अकरा महिने झाले. प्लेटवर तीन खोल ओरखडे आहेत. ते तिन्ही मार चेंबरला लागले असते. माझं मत साधं आहे: मुंबईत माल वाहणाऱ्या प्रत्येक पिकअपखाली असा गार्ड हवाच, आणि तो स्वतः करता येतो. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

कुर्ल्याचा_मिस्त्री

दादा, नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. पण मला पटत नाही, आणि कारण तीस वर्षांच्या हातातलं आहे.

चेंबरखाली प्लेट आली की गळती दिसत नाही. पार्किंगमध्ये सकाळी जमिनीवर ऑइलचा थेंब दिसतो, त्यावरून मालकाला कळतं की सील गेलं. प्लेट लावलीत की तो थेंब प्लेटवर पडतो, त्यावर चिखल बसतो, चिखल ऑइल पितो. दोन महिन्यांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) कोरडी. माझ्याकडे आलेल्या एका टेम्पोच्या प्लेटवर चार बोटं तेलकट चिखल होता आणि त्यात कुणा मिस्त्रीचं विसरलेलं फडकं. वर सायलेन्सरचा पाइप वीतभर अंतरावर. आग लागली नाही हे नशीब.

दुसरं, तुमची ३ मिमी. वजन चांगलं आहे, पण भरलेली गाडी झाकणावर टेकली तर ती प्लेट वर वाकेल आणि चेंबरलाच जाऊन भिडेल. मग मार चुकत नाही, फक्त पसरतो. प्लेट आणि चेंबर यांच्यात किती जागा ठेवलीत? इंजिन रबर माउंटिंगवर डुलतं, गिअर टाकताना आणि चढावर हलतं. जागा कमी असेल तर रोज थोडं थोडं घासत असेल.

मुंबईच्या रस्त्यावर गार्डपेक्षा ड्रायव्हर तयार करा. लाल दिवा लागला की जिथे आहात तिथे इंजिन बंद. हॉर्न वाजू देत.

भांडुपचा_पिकअपवाला

जागा २० मिमी आहे. ऑइल बदलताना चारही बोल्ट काढून प्लेट उतरवतो, तेव्हा साफ होते. ड्रायव्हर तयार करा हे मान्य. पण पाण्याखाली झाकण आहे हे तयार ड्रायव्हरला तरी कसं दिसणार?

स्टेअरिंग_२२_वर्षे

मी ड्रायव्हर आहे, म्हणून बोलतो. पाण्याखालचं दिसत नाही, पण गाडी कशी टाकायची ते हातात असतं. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं तोंड खाली बसतं. चेंबर पुढेच असतो. बहुतेक जण स्पीडब्रेकरवर चढेपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात आणि तोंड खाली असतानाच पुढचं चाक उतरवतात. ब्रेक अलीकडे मारायचा आणि चढायच्या आधी सोडायचा, म्हणजे तोंड वर येतं. माझ्याबरोबरच्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

तरी गार्डच्या विरोधात मी नाही. चेंबर फुटला की मालक आधी ड्रायव्हरकडे बघतो. एका मालकाने माझ्या पगारातून कापले होते, आणि त्या रात्री रस्ता खणून ठेवलाय असा एक फलकसुद्धा लावलेला नव्हता. गाडीखाली १२ किलो लोखंड असेल आणि त्यामुळे एखाद्या पोराचा पगार वाचत असेल, तर लावा.

साकीनाका_फॅब्रिकेशन

माझं बेंडिंगचं युनिट आहे, असे गार्ड आमच्याकडे करायला येतात. मिस्त्रीकाका, तुमच्या चारही मुद्द्यांवर उपाय आहे. पण भाऊ, तुमची प्लेटही आहे तशी मी लावू दिली नसती.

२० मिमी कमी आहे. निदान ३० ठेवा. सपाट पत्रा मधोमध लगेच दबतो, त्याची ताकद घडीत असते. दोन्ही बाजूंच्या कडा २५ मिमी वर वळवा आणि मधे लांबीत एक उथळ घडी द्या, तीच ३ मिमी मग वेगळीच वागते. आणि तुमच्या कामाला मी ४ मिमीच देईन. याच मापात १६ किलो होतात, चार किलोंनी १.७ टनाच्या गाडीला काही फरक पडत नाही. जाडी ३ वरून ४ झाली की वाकायला होणारा विरोध एक तृतीयांशाने नाही, दुपटीच्याही वर जातो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. २७ आणि ६४ ची तुलना करून बघा.

बोल्टची डोकी खालून बाहेर आहेत का? असतील तर दगडाचा पहिला मार डोक्यावरच बसतो. डोकी घासली जातात आणि नंतर पाना लागत नाही. एक तर खोलगट वाटीत बसवा, नाहीतर दोन्ही बाजूंना पट्टीचे तुकडे लावा. बोल्ट ८.८ ग्रेडचाच (जास्त ताकदीचा) घ्या, नागदेवी स्ट्रीटवर डोक्यावर ८.८ कोरलेला बघून घ्या. एका बाजूची भोकं लांबट ठेवा. चासी पीळ खाते, तेव्हा प्लेटला थोडी जागा हवी. नाहीतर आटे उखडतात.

ऑइल सोडायच्या ड्रेन प्लगखाली आणि फिल्टरखाली खिडकी कापा, मग तेलासाठी प्लेट उतरवायची गरज नाही आणि गळती पण त्याच खिडकीतून दिसते. कोपऱ्यांना पाणी जायला भोकं ठेवा. दारूखान्यातून जुन्या जहाजाची प्लेट स्वस्त पडते म्हणून काही जण आणतात. गंजाने आत किती खाल्लंय ते वरून कळत नाही, त्यापेक्षा कळंबोलीच्या बाजारातली नवी शीट घ्या.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी: चासीला वेल्डिंग मारू नका. चासीच्या वरच्या आणि खालच्या पाखीला (आडव्या कडेला) नवीन भोकही नको. तडा तिथूनच जातो. ब्रॅकेट वेल्ड करायचा असेल तर गाडीबाहेर करा, मग बोल्टने लावा. गाडीवर टाका मारायलाच लागला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

कुर्ल्याचा_मिस्त्री

ताई, खिडकीचा मुद्दा चांगला आहे. खिडकीतून चिखलही आत येतो हे धरूनच बोलतो. पण गरमीचं कुणीच बोललं नाही. जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून इंजिनवर येते आणि खालून, मागून बाहेर पडते. खालची वाट बंद केलीत तर ती कोंडते. शहरात २० च्या स्पीडने समजणार नाही. माल भरून कसारा घाट चढा, मग काटा बघा.

बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांना तर दुसराच धोका. २०२० नंतरच्या डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तो काजळी जाळतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. प्लेट मागे ओढून त्याच्याखाली नेली तर काय होईल?

भांडुपचा_पिकअपवाला

काका, हे मला झोंबलं, कारण खरं आहे. नोव्हेंबरमध्ये कांदा आणायला नाशिकला गेलो होतो, येताना नव्हे, भरून नेलेल्या क्रेट घेऊन जाताना. कसाऱ्यात काटा नेहमीपेक्षा वर गेला. लाल भागात नाही गेला, पण मी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलो. पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. माझी गाडी बीएस४ आहे, डीपीएफ नाही, प्लेट चेंबरपाशीच संपते, मागे जात नाही. पण हवेला वाट द्यायला पाहिजे हे कबूल.

साकीनाका_फॅब्रिकेशन

लांब चिरा कापा आणि त्यांची तोंडं मागच्या दिशेला उचललेली ठेवा, घरांच्या जुन्या झडपांच्या खिडक्यांसारखी. पुढून येणारा दगड-चिखल अडतो, गरम हवा मागे निघते. मागे दुसरी प्लेट जोडायची झाली तर कौलं जशी एकावर एक असतात तशी जोड, पण जमिनीच्या बाजूने बघून: पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या खाली यायला हवी. उलट लावली तर तिथे दगड अडकतो आणि प्लेट उपटून निघते.

सह्याद्रीतला_रविवार

माझी डबल कॅब फोर बाय फोर आहे, माळशेज, नाणेघाटाच्या बाजूला जातो. तिथे मी ५ मिमी अ‍ॅल्युमिनियम वापरतो. या मापात ७ किलोच्या आत बसतं, ३ मिमी लोखंडापेक्षा वाकायला जास्त घट्ट, आणि गंजत नाही. भांडुपच्या दादांनी पण तेच करावं, समुद्राची हवा आहे, लोखंड गंजत जाईल.

साकीनाका_फॅब्रिकेशन

घट्टपणाचा हिशोब बरोबर आहे. पण अ‍ॅल्युमिनियम दगडावर आणि काँक्रीटच्या कडेवर अडतं, लोखंड सरकून जातं. तुम्ही रविवारी जाता, हे रोज सहा पोती जास्त भरून झाकणांवरून जातात. शिवाय लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये थेट लावलात तर खाऱ्या ओल्या हवेत बोल्टभोवती पांढरी पावडर धरते, ते अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. मधे नायलॉनचे वायसर घातलेत का?

सह्याद्रीतला_रविवार

नाही घातले. आज संध्याकाळी बघतो.

कायद्याचं_बघा

सगळे लोखंडावर बोलताय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं होतं. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर खाली वाकून बघणारच. मग बसा भांडत.

भांडुपचा_पिकअपवाला

त्या पत्रात बंपरपुढच्या गार्डचा विषय होता. तो रस्त्यावरच्या माणसाला जास्त लागतो आणि गाडीचा पुढचा भाग धक्का जसा झेलायला हवा तसा झेलू देत नाही. माझी प्लेट बंपरला कुठेही जोडलेली नाही, पुढून बघितली तर दिसत नाही, चार बोल्ट काढले की गाडी कंपनीतून आली तशी. कलम ५२ मध्ये ही बसते असं मला वाटत नाही.

कायद्याचं_बघा

तुम्हाला वाटून चालत नाही, विमा कंपनीला लेखी कळवा आणि लेखी उत्तर ठेवा. उत्तर आलं नाही तर पाठवल्याची पोच ठेवा. माझा विरोध गार्डला नाही, न कळवता लावण्याला आहे.

कुर्ल्याचा_मिस्त्री

मी अजून एक बोलतो. पिकअपवाले ३ टन भरतात आणि मग म्हणतात गाडी खाली घासते. आधी वजन कमी करा, कमानीचे पाटे बसलेत ते बघा.

स्टेअरिंग_२२_वर्षे

काका, जास्त भरणं चूकच, टायर आणि ब्रेक दोन्ही मरतात. पण त्याने चेंबर घासत नाही. माल मागच्या अ‍ॅक्सलवर बसतो, मागे बसली की पुढचं तोंड थोडं उचलतं. चेंबर जास्त लागतो तो रिकाम्या गाडीत, जोरात मारताना.

कुर्ल्याचा_मिस्त्री

हे बरोबर बोललात. भरलेल्या गाडीत मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) लागतो, चेंबर नाही. मी माझं ते वाक्य मागे घेतो.

भांडुपचा_पिकअपवाला

रविवारी प्लेट उतरवतोय. नवीन ४ मिमी कापायला देतो, कडा वळवून, मागे तोंड असलेल्या चिरा, ड्रेनची आणि फिल्टरची खिडकी, जागा ३० मिमी. विम्याला मेल आज जाईल. आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, लाल दिवा लागला की जिथे आहे तिथे बंद कर, टोइंगचा खर्च माझा, पगार कापणार नाही. जुनी ३ मिमी फेकत नाही, बॅटरीखाली ट्रेला लागेल.

कुर्ल्याचा_मिस्त्री

रोज घाटात जाणाऱ्याने आणि बीएस६ वाल्याने घरचा गार्ड लावू नये, यावर मी ठाम आहे. तुमच्या गाडीचं म्हणाल तर रविवारी प्लेट निघाली की चेंबरच्या तळाचा आणि चासीवरच्या, क्रॉस मेंबरवरच्या त्या चार भोकांचा फोटो इथे टाका. आटे ओढले गेले असतील तर नवीन प्लेट त्याच भोकांत लावायची नाही. आणि धुवायच्या आधी काढा फोटो.