‘बहिरा’, ‘कर्णबधिर’ आणि ‘कमी ऐकू येणारा’

प्रश्नकर्ता, परभणी :
दिव्यांग प्रमाणपत्राची माहिती खेड्यापाड्यांत पोचावी म्हणून मी एक पत्रक मराठीत तयार करत आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत श्रवणदोषाचे दोन प्रकार सांगितले आहेत. दोन्ही कानांची श्रवणहानी 70 डेसिबल असेल तर ‘डेफ’, आणि 60 ते 70 डेसिबल असेल तर ‘हार्ड ऑफ हिअरिंग’. पहिल्यासाठी मी ‘बहिरा’ लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या कार्यालयाने ते खोडून ‘कर्णबधिर’ केले. माझी खरी अडचण दुसऱ्याची आहे. मी ‘कमी ऐकू येणारा’ असे लिहिले, पण समोरासमोर बसून केलेल्या साध्या बोलण्याचा आवाजच साधारण 60 डेसिबल असतो. म्हणजे कायद्याच्या लेखी जो ‘कमी ऐकू येणारा’, त्याला यंत्राशिवाय शेजाऱ्याचे बोलणे जवळजवळ पोचतच नाही, आणि गावात त्याला सरळ ‘ठार बहिरा’ म्हणतात. असा माणूस किंवा त्याच्या घरचे ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून पत्रक बाजूला ठेवतील. काय लिहावे?

निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई :
आधी ‘कर्णबधिर’बद्दल बोलू. संस्कृतात ‘बधिर’ या शब्दाचा अर्थच ज्याला ऐकू येत नाही असा आहे, आणि प्राकृतातल्या ‘बहिर’मधून आपला ‘बहिरा’ आला. त्याच्यामागे पुन्हा ‘कर्ण’ जोडणे म्हणजे पिवळा पीतांबर. नाथांच्या भारुडांत मुका आहे, तसा बहिराही आहे. पैठणच्या अंगणात जो शब्द चालला, तो आजच्या पत्रकात का चालू नये, याचे कारण त्या कार्यालयाने द्यायला हवे.

परिचारिका, नांदेड :
सर, संस्कृतात काहीही असो, आज मराठीत ‘बधिर’ म्हणजे सुन्न. हिरडी बधिर करतात, बसून बसून पाय बधिर होतो, शस्त्रक्रियेआधी बधिरीकरण होते. एका आजींच्या कागदावरचे ‘कर्णबधिर’ वाचून त्यांच्या मुलाने मला ‘आईच्या कानात इंजेक्शन दिलं होतं का?’ असे विचारले होते. ‘कर्ण’ लावूनही हा घोळ होतो, तर नुसत्या ‘बधिर’चे काय होईल? व्युत्पत्ती बरोबर असली म्हणून शब्द समजतोच असे नाही.

विशेष शिक्षिका, लातूर :
मला ‘कर्णबधिर’ची तितकी अडचण वाटत नाही, जितकी ‘मूकबधिर’ची वाटते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे गळे उत्तम आहेत. खो-खोच्या मैदानावर त्यांचा आरडाओरडा शाळेबाहेरच्या रस्त्यावर ऐकू जातो. बोलणे कानावरच पडले नाही, म्हणून ते आले नाही, एवढेच. श्रवणयंत्र लवकर मिळाले आणि शिकवणे नेटाने झाले, तर यांतली कित्येक मुले बोलतात. शिवाय त्यांच्या भाषेला ‘हातवारे’ म्हणणेही थांबावे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. आपण ‘तू कुठे राहतोस?’ असे विचारतो, तर ही मुले ‘कुठे’ची खूण शेवटी करतात. नाथांच्या भारुडातला बहिरा हा हरिकथा न ऐकणारा माणूस आहे, सर. तिथे तो शब्द दोष दाखवतो, आणि हीच छटा आजही त्याला चिकटलेली आहे.

लहानपणापासून ऐकू न येणारा वाचक, बीड :
बाईंचे ‘मूक’बद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ‘बहिरा’बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. आजी मला ‘आमचं भैरं’ म्हणायची, त्यात माया होती. चांगल्या कानाच्या माणसाने दुर्लक्ष केले की त्याला ‘बहिरा आहेस का?’ असे खडसावतात, तेव्हा मला लागते, कारण तिथे माझे नाव शिवीसारखे वापरले जाते. शब्द खोडून ही सवय जाणार नाही. उद्या तेच लोक ‘कर्णबधिर आहेस का?’ म्हणतील.

वाचक, धाराशिव :
‘भैरं’वरून आठवले. आमच्या शिवारात बहिरोबाचे ठाणे आहे. देव बहिरा आहे, म्हणून नवस मोठ्याने बोलायचा, असे म्हातारे सांगत. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असावे.

निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई :
नाही. बहिरोबा हा भैरव. त्याचा कानाशी संबंध नाही. उच्चार जवळ आले आणि लोकांनी गोष्ट रचली.

वाचक, धाराशिव :
गोष्ट लोकांनी रचली हे खरे, सर, पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि तिच्यामुळे नवस मोठ्याने बोलण्याची रीत पडली. शब्दाच्या चरित्रात तिला जागा नाही, असे मला वाटत नाही.

वाचक, छत्रपती संभाजीनगर :
मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत थोर माणसाबद्दल ‘ऊँचा सुनते हैं’ असे म्हणतात. त्यात माणसाचा मानही राहतो आणि समोरच्याने काय करायचे तेही कळते. त्याच धर्तीवर पत्रकात ‘मोठ्याने बोलल्यावरच ऐकू येणारा’ असे लिहिता येईल.

विशेष शिक्षिका, लातूर :
कृपया तसे लिहू नका. आतल्या कानातली नस अधू असेल तर ओरडून बोलल्याने आवाज मोठा होतो, पण शब्द फुटतात आणि ऐकणारा अधिकच गोंधळतो. तोंड समोर ठेवून, सावकाश, नेहमीच्या पट्टीत बोलावे लागते. पत्रकातच ‘मोठ्याने’ असे छापले, तर सगळे घर त्याच्यावर ओरडायला लागेल. मी म्हणेन, नाव राहू द्या आणि खाली लिहा : ‘यंत्राशिवाय समोरचे साधे बोलणे कळत नसेल, तर तपासणीला या.’

प्रश्नकर्ता, परभणी :
ही ओळ मी घेतो, बाई. पण अर्जाच्या रकान्यात ओळ मावत नाही. तिथे एकच शब्द लागतो.

निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई :
आणि ‘बहिरा’ का खोडला, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. बीडच्या वाचकांना जो शब्द आपला वाटतो, तो त्यांना न विचारता काढून टाकण्याचा अधिकार कार्यालयाला कोणी दिला?