पानाफुलांचे सायनोटाइप: सुरुवात कागदावर करू की कापडावर? सल्ला हवा आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. पाने-फुले ठेवून उन्हात निळे ठसे उमटवतात ती सायनोटाइपची कला शिकायची आहे. पाने दाबून वाळवून ठेवायची आवड जुनी आहे, त्यामुळे नेचे, गवताचे तुरे, पाकळ्या असा साठा भरपूर आहे. भिंतीसाठी काही चित्रे आणि खिडकीला एक सुती पडदा करावा असे मनात आहे. आधी कागद की थेट कापड? लेप दिलेला तयार कागद घ्यावा की द्रावण घरी बनवावे? आणि पडदा धुता येईल ना? ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहा, कितीही मोठे चालेल.

नीळकंठी
आधी कागदच. काय बिघडले ते कागदावर लगेच दिसते.

तयार कागद हात बसेपर्यंत ठीक आहे, पण आकार आणि निळ्याची गडद छटा आपल्या मनाची हवी असेल तर द्रावण घरीच करावे लागते. ते अवघडही नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवे) २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिली पाण्यात, अशा दोन वेगळ्या गडद बाटल्या भरून ठेवा. वापरायच्या वेळी लागेल तेवढेच समान मापाने एकत्र करा. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. मंद पिवळ्या दिव्याखाली लेप द्या आणि अंधारात पूर्ण वाळू द्या. ब्रशला धातूची पट्टी नको, द्रावणाचा धातूशी संबंध आला की निळे डाग पडतात. स्पंजचा ब्रश उत्तम.

उन्हात ठेवल्यावर पिवळट हिरवा लेप आधी निळसर आणि मग करडा, जवळजवळ कांस्यासारखा होतो. नवखे लोक निळा दिसला की घाईने उचलतात, मग धुताना सगळे फिके पडते. करडा होईपर्यंत थांबा. कडक उन्हात साधारण १० ते २० मिनिटे लागतात, ढगाळ दिवशी बरीच जास्त. मग साध्या पाण्यात, निथळणाऱ्या पाण्यातला पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. निळा पूर्ण गडद व्हायला हवेत एखादा दिवस लागतो. लगेच बघायचा असेल तर शेवटच्या पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घाला.

सुरक्षिततेचे: पूड मोजताना हातमोजे आणि मास्क घाला, भांडी स्वयंपाकघरातली घेऊ नका, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

पिंपळपान
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फक्त पानांबद्दल लिहितो, कारण चित्राचा जीव तिथे आहे.

पान कागदाला पूर्ण चिकटलेले हवे. जरा उचललेले असले की कडेने प्रकाश आत शिरतो आणि रेघ धूसर होते. म्हणून वर काच ठेवून क्लिपांनी घट्ट दाबा. काच साधीच घ्या. अतिनील किरण अडवणारी काच घातलीत तर कागद तासभर उन्हात ठेवूनही काही होणार नाही, कारण लोहाच्या क्षारांत बदल घडवतात ते हेच किरण.

तुमच्याकडे वाळवलेली पाने आहेत हे फार चांगले. ताज्या पानातला ओलावा लेपात उतरतो आणि डाग पडतात. जाड पानाची नुसती पांढरी आकृती मिळते. पातळ पाकळीतून मात्र थोडा प्रकाश झिरपतो आणि शिरांसकट निळ्याच्या चार-पाच छटा उमटतात. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे ठसे घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रे असलेले पहिले पुस्तक म्हणून त्याचाच मान आहे. ते ठसे नक्की पाहा. रिकामी जागा किती सोडायची हे त्यांच्याकडून शिकावे.

सूतकताई
कापडाचे मी सांगते. सुती, लिनन किंवा रेशीम घ्या, कृत्रिम धाग्यावर रंग धरत नाही. नव्या कापडातली खळ आधी धुऊन काढा, नाहीतर लेप ठिगळाठिगळाने बसतो. कापड द्रावणात बुडवून पिळा आणि अंधारात सपाट वाळवा. दोरीवर टांगले तर द्रावण खाली ओघळून एका कडेला साठते. उन्हातून आणल्यावर कागदापेक्षा बराच जास्त वेळ धुवावे लागते, धाग्यात राहिलेला पिवळेपणा नंतर पांढऱ्या भागात निळा होऊन दिसतो.

पडदा धुता येतो, पण धुण्याच्या पावडरने नाही. अल्कली हा या निळ्याचा शत्रू. सोडा असलेली पावडर आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. गार पाणी आणि सौम्य, उदासीन द्रवरूप साबण एवढेच.

नीळकंठी
धुण्याचे पटले, पण रानजाई, पडदा करूच नका असे मी म्हणेन. सततच्या उन्हाने सायनोटाइप फिका पडतो आणि खिडकी ही त्याला सर्वांत वाईट जागा. एवढी मेहनत त्या जागेवर वाया जाऊ नये.

सूतकताई
फिका पडतो हे खरे, पण अंधारात ठेवला की बराचसा निळा परत येतो. दोन पडदे करून आलटून पालटून लावले तर चालते. कडक ऊन येणाऱ्या खिडकीला मात्र मीही नकोच म्हणेन.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार! आमच्या खिडकीत दिवसभर ऊन असते, त्यामुळे पडद्याऐवजी आतल्या भिंतीवर लांब सुती पट्टा टांगेन. आधी कागदावर हात बसवते. आता कागद कोणता घेऊ? चित्रे टिकायला हवीत. आणि हे ठसे चहाने तपकिरी करतात म्हणे, ते कसे?

नीळकंठी
जाडसर, पूर्ण कापसाचा जलरंगाचा कागद घ्या, पाण्यात बराच वेळ राहूनही तो फाटत नाही. बरेच 'टिकाऊ' कागद आम्लापासून वाचावेत म्हणून त्यात चुन्याची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घातलेली असते. इतर चित्रांना ती चांगली, पण आपल्या निळ्याला अल्कली सोसत नाही. विचारून, तशी भुकटी नसलेला कागद निवडा. फ्रेममधला पुठ्ठाही तसाच हवा. आणि इथे मात्र अतिनील किरण अडवणारी काच लावा.

पिंपळपान
चहातले टॅनिन निळ्याला काळपट करते. तपकिरी हवा असेल तर ठसा आधी धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात फिका करा, स्वच्छ धुवा, मग गार झालेल्या कडक चहात ठेवा. कागदाचा पांढरा भागही थोडा रंगतो. नेच्यांना तो शोभतो, नाजूक पाकळ्यांना मी निळाच ठेवतो. आधी एखाद्या फिक्या आलेल्या ठशावर करून बघा.