हरित लवादात सामान्य माणसाला खरंच दाद मागता येते का?

खाडीकाठ:
पर्यावरणाचा प्रश्न निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हरित लवाद आहे ना, तिथे जा." म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा लवाद म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणारं खास न्यायाधिकरण. त्याचा 2010 चा कायदा वाचायला फार चांगला आहे. पश्चिम भारताचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर फी 1000 रुपये. वकील लावायची सक्ती नाही. पण एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायला 30 दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. त्यानंतर उशीर माफ करायचा अधिकार लवादालाही नाही.

आता गावात काय होतं बघा. मंजुरीचं पत्र केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर इंग्रजीत चढतं. प्रकल्पवाल्याने स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची आणि पंचायतीने प्रत 30 दिवस लावून ठेवायची, असा नियम आहे. आमच्या बाजूची एक जाहिरात मी पाहिली आहे: आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या जाहिरातींखाली चार ओळी. मंजुरी मिळाली, प्रत वेबसाइटवर पाहावी. मंजुरीसोबत घातलेली अट एकही छापलेली नाही.

मंजुरीआधीच्या जनसुनावणीलाही मराठीत मिळतो तो पर्यावरण परिणाम अहवालाचा (ईआयए) फक्त सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. त्यात बहुतेक वेळा एकाच हंगामाची पाहणी असते, तीही पावसाळा सोडून. खाडीत मासळीची वीण होते ती नेमकी पावसाळ्यात! कोळी माणसाला हे सांगितलं तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल. पण पाहणी कुठल्या महिन्यांत झाली ते मूळ अहवालातच शोधावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच: मंजुरीचा संपूर्ण मजकूर अटींसकट मराठीत गावात लागेल, त्या दिवसापासून मुदत मोजा.

वकिली_पुणे:
असहमत. चित्र तुम्ही रंगवता तेवढं काळं नाही. 2013 मध्ये सेव्ह मोन रीजन फेडरेशन या संघटनेच्या प्रकरणात लवादानेच सांगितलंय की अटींसकट पूर्ण मंजुरी लोकांना सहज मिळण्यासारखी झाल्याशिवाय मुदत सुरू होत नाही. म्हणजे तुमची ती चार ओळींची जाहिरात कोर्टात तुमच्याच बाजूची ठरू शकते. ती कापून जपून ठेवा. भरपाईच्या अर्जाला तर पाच वर्षं मिळतात. शिवाय लवादामुळे हायकोर्टाचा रिटचा (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट याचिका ऐकण्याचा) अधिकार जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

आणि उरण विसरलात? 27 फेब्रुवारी 2015 ला याच पुण्याच्या खंडपीठाने भरावामुळे मासेमारी गेली म्हणून जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर), ओएनजीसी आणि सिडकोला 1,630 पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना 95.19 कोटी रुपये द्यायला सांगितलं. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. कोळीवाड्यातल्या माणसांनी समोर सरकारी बलाढ्य संस्था असताना हे मिळवलं. दार बंद असतं तर हे झालं नसतं.

उरणची_लेक:
आदेश झाला तेव्हा आम्हा सगळ्यांनाच अभिमान वाटला. पण पैसे तीन महिन्यांत द्यायचे होते! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि वाट बघण्यात वर्षं गेली. जाळी टाकायची जागा तर भराव पडला त्याच दिवशी गेली होती. आदेश मिळणं आणि न्याय मिळणं यांत एवढं अंतर असेल तर आदेशावर थांबून कसं चालेल?

लघुउद्योजक:
दुसरी बाजूही ऐका. मी एमआयडीसीत कारखाना चालवतो, सांडपाण्याचे नियम पाळतो, त्याचा खर्च सोसतो. मुदत कधी संपणार हेच नक्की नसेल तर बँक कर्ज देणार नाही. कुणीही दोन वर्षांनी उठून "मला आत्ता मराठीत कळलं" म्हणणार. गोव्यातल्या मोपा विमानतळाचं काय झालं? ऑक्टोबर 2015 मध्ये मंजुरी, मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, जानेवारी 2020 मध्ये पुन्हा मोकळी केली. चालू काम अडकलं. यात भलं कुणाचं झालं?

खाडीकाठ:
@लघुउद्योजक, मोपा माझ्याच बाजूने बोलतं. मंजुरीच्या अर्जातच महत्त्वाची माहिती दडवली होती, हे सुप्रीम कोर्टाचं म्हणणं. ही उणीव 2015 मध्येच पकडली असती तर काम अडकलंच नसतं. उशिराची किंमत उद्योगालाही पडते.

आणि उलट बाजूला मुंबईतलं आरे बघा, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने 7 तारखेला तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं गेली होती. कारखाना थांबवला तर पुन्हा सुरू होतो. त्या झाडांचं काय?

वकिली_पुणे:
आरेबद्दल दुमत नाही. अपिलाची वाट मोकळी असेपर्यंत परिस्थिती जैसे थे (आहे तशी, काम न करता) ठेवण्याची सक्ती हवी. पण त्याचा मुदतीशी संबंध नाही. खरी अडचण माणसांची आहे. 2018 मध्ये सदस्यच नव्हते म्हणून पुण्याचं कामकाज ठप्प झालं होतं. मुदत दहा वर्षं केली तरी ऐकायला कुणी नसेल तर उपयोग काय? पदं वेळेवर भरा ही मागणी आधी लावून धरा.

लघुउद्योजक:
जैसे थे ठेवायला माझी हरकत नाही, पण किती दिवस ते आधी ठरवा. तीस म्हणा, साठ म्हणा, तारीख पक्की पाहिजे. आणि मराठी प्रतीचा खर्च प्रकल्पवाल्याने करावा हे मला मान्य आहे. मोठ्या प्रकल्पात तो खर्च काहीच नाही.

खाडीकाठ:
मग आपलं भांडण फक्त मुदत कुठून मोजायची एवढ्यावर उरलं. वकीलसाहेब, 2013 चा निकाल मान्य, पण त्यात "सहज मिळणं" म्हणजे डाउनलोड करता येणं. इंग्रजी पीडीएफ डाउनलोड होते हो, वाचता येत नाही. 2020 मध्ये ईआयएच्या नियमांचा नवा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असं दिल्ली हायकोर्टाने सांगितलं, तर केंद्र त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. सगळ्या देशासाठीचा मसुदा मराठीत द्यायला एवढी खळखळ असेल, तर एका तालुक्यातल्या मंजुरीचं पत्र कुणी आपण होऊन मराठीत देणार नाही. मुदत त्याला बांधली तरच देतील.