विषय: डिस्नेला जायलेत, जाऊ द्यावं का?

अंबाजोगाई, 18 नोव्हेंबर 2020

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

मुलगा-सून अटलांटाला असतात, आपल्या मंडळाचे सभासद आहेत. त्यांनीच मला या मेलच्या यादीत घेतलं. पुढच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या सुटीत ते फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला डिस्ने बघायला जायलेत. तीन कुटुंबं मिळून एक मोठं घर भाड्यानं घेतलंय. सोबत आमच्या विहीणबाई आहेत. त्या फेब्रुवारीत लातूरहून तिकडं गेल्या, मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तिकडंच राहिल्या. वय सत्तरीच्या पुढं, शुगर आहे.

इकडं कोरोनामुळं यंदा नवरात्रात तुळजापूरचं मंदिर भाविकांना बंद होतं. परवा पाडव्याला राज्यातली मंदिरं उघडली, पण गावात असूनही आम्ही योगेश्वरीला अजून बाहेरूनच हात जोडतो. म्हणून जीव घाबरतो. मुलगा म्हणतो, “दादा, तिथं सगळं कडक आहे.” कडक म्हणजे नेमकं काय, हे जाऊन आलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल. मला मोडता घालायचा नाही. नातू मार्चपासून घरात आहे, शाळासुद्धा कॉम्प्युटरवर. त्याचे हाल मला दिसतात.

---

लातूर, 18 नोव्हेंबर

काका, नमस्कार.

मी टॅम्पाला असते. आईच्या ऑपरेशनसाठी सध्या लातूरला आले आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं आणि मुलगी डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कला जाऊन आलो, त्यामुळे पाहिलेलं सांगते.

मार्चच्या मध्यावर बंद झालेलं ते पार्क 11 जुलैला उघडलं. नुसतं तिकीट असून भागत नाही. कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात जाणार याचं वेगळं रिझर्वेशन लागतं आणि एका दिवसात एकच पार्क. आम्ही गेलो तेव्हा क्षमतेच्या 25 टक्के माणसं आत घेत होते, आता 35 टक्के घेतात. म्हणजे गर्दी थोडी वाढली असणार, त्यात सुटीचा आठवडा. दारात ताप बघतात. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त निघाला तर तो माणूस आणि सोबतचे सगळेच परत. पण त्यावर फार विसंबू नका. लक्षणं नसलेला माणूस तिथून आरामात आत जातो.

भरवसा ठेवावा तर मास्कवर. दोन वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना सक्ती आहे. सप्टेंबरअखेर फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी हॉटेलांवरचे निर्बंध उठवले, तरी पार्कनं आपला नियम सोडला नाही. व्हॉल्व्हवाला मास्क चालत नाही, तोंडाला बांधलेला रुमालही नाही. खायचं ते एका जागी थांबून खायचं. आमच्या पुढं एक गृहस्थ मास्क हनुवटीखाली ओढून पॉपकॉर्न खात चालले होते. तिथली एक मुलगी आली, हसून बोलली, पण ते बाजूला उभे राहीपर्यंत हलली नाही.

रांगा दर्शनबारीसारख्या लांबलचक दिसतात, बघून धडकी भरते. पण जमिनीवर सहा-सहा फुटांवर पट्ट्या आहेत म्हणून त्या तेवढ्या पसरतात. नंबर लवकर लागतो. रांगेची वळणं जिथं एकमेकांना खेटतात तिथं मधे पारदर्शक प्लास्टिक उभं केलंय. हॉन्टेड मॅन्शन नावाच्या भुताच्या बंगल्यात पूर्वी सगळ्यांना एका बंद खोलीत उभं करून गोष्ट ऐकवायचे, ते थांबवलंय, आता तिथून सरळ पुढं चालत जायचं. परेड नाही, आतषबाजी नाही, कारण त्यासाठीच माणसं तासभर आधीपासून खांद्याला खांदा लावून जागा धरतात. मिकी जवळ येत नाही. गाडीवरून हात हलवत जातो, तेवढंच. मिठी नाही, सही नाही. नातवाला हे आधीच सांगून ठेवा. आमची फार रडली.

काका, मोकळ्या हवेत, मास्क लावून फिरायची मला भीती वाटली नाही. मला धास्ती वाटते त्या भाड्याच्या घराची. तीन घरची माणसं, एक स्वयंपाकघर, दारं-खिडक्या लावून एसी चालू, रात्री उशिरापर्यंत पत्ते आणि गप्पा, मास्क सगळ्यांचे खिशात. पार्कात टोकायला माणसं नेमली आहेत. घरात कोण कुणाला टोकणार? सगळी आपलीच. लातूरला आल्यापासून मी जे ऐकते त्यातही लग्नाच्या आणि तेराव्याच्या पंगतीतून आजार घरात आल्याच्याच हकिकती जास्त आहेत. प्रत्येक कुटुंबानं वेगळं उतरावं, जेवणसुद्धा वेगळं. तिघांनी एकत्र राहायचंच असेल तर मी नाही म्हणेन. आणि आजींनी पार्कात जाऊ नये, हे तर नक्कीच.

---

अटलांटा, 18 नोव्हेंबर

मी डॉक्टर आहे, मूळ नांदेडचा. ताईंचं बोलणं पटलं, पण आजींचा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. त्या पार्कात गेल्या नाहीत तरी जाऊन आलेली माणसं त्यांच्याच घरात येणार. परतल्यावर लगेच टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली, तरी निर्धास्त होऊ नये. संसर्ग टेस्टमध्ये दिसायला काही दिवस लागतात. 14 दिवस आजींची खोली वेगळी, बाथरूम वेगळं, ताट दाराशी ठेवायचं. हे जमणार असेल तरच जा. लशीच्या चांगल्या बातम्या यायला लागल्यात. काही महिन्यांनी ही सहल पुष्कळ सोपी होईल, पार्क कुठं जात नाही.

---

अंबाजोगाई, 20 नोव्हेंबर

ताई, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार.

काल मुलाशी बोललो. दोन्ही मेल त्यानं आणि सूनबाईनं वाचल्या होत्या. त्यांच्या घरात बाथरूम एकच, त्यामुळे आजींना वेगळं ठेवणं जमण्यासारखं नाही. त्यांनी जाणं पुढं ढकललंय. विहीणबाईंना वाईट वाटलं. “माझ्यापायी लेकराला कशाला कोंडता,” म्हणत होत्या. मी त्यांना फोनवर सांगितलं, लेकराला आजी पाहिजे. नातू रुसलाय, फोनवर येत नाही. येईल.

भाड्याचं घर रद्द झालं. बाकीच्या दोघांपैकी एक कुटुंब मात्र जायलंय, एकटंच, हॉटेलात उतरून. त्यांच्या घरात म्हातारं माणूस कुणी नाही. त्यांचा एक प्रश्न आहे: ते रिझर्वेशन घरातल्या एकाच्या नावानं चालतं का?

---

लातूर, 20 नोव्हेंबर

नाही काका, प्रत्येकाच्या तिकिटाला वेगळं लागतं. त्यांना आजच करून टाकायला सांगा, सुटीच्या आठवड्यातले दिवस लवकर भरतात. जेवणाची ऑर्डर मोबाइलवरून द्यावी लागते, तेव्हा चार्जर सोबत ठेवा म्हणावं. आणि मास्क जास्तीचे न्यावेत, घामानं दुपारपर्यंत ओले होतात.