पैसे नव्या सिनेमात घालावेत की जुन्या अभंगांच्या साठ्यात?

सुरमयी, सांगली

नमस्कार. आम्ही तिघं मिळून सांगलीत एक छोटी कंपनी चालवतो. स्वतंत्र मराठी गाणी काढतो, आणि गेल्या वर्षी एका मित्राचा सिनेमा सांगली-कोल्हापूरच्या थिएटरांत आम्हीच लावला. आता दोन दिग्दर्शक 'वितरण तुम्हीच करा' म्हणून मागे लागलेत. त्यातल्या एकाला मिनिमम गॅरंटी हवी आहे, म्हणजे सिनेमा चालो न चालो, ठरलेली रक्कम आम्ही आधीच द्यायची.

त्याच वेळी कराडकडचे एक गृहस्थ आपलं जुनं कॅसेट लेबल बंद करताहेत. अभंग, भारुडं, थोडी लोकगीतं, असा सगळा साठा मास्टर टेपांसकट विकायचा आहे. आमच्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. घरचे म्हणतात, आज कॅसेटी घेऊन करणार काय? सिनेमांच्या कॅसेटी-डीव्हीडी काढणाऱ्या शेमारू कंपनीची सुरुवात पुस्तकांच्या वाचनालयापासून झाली असं ऐकलंय. अशा कंपन्या नेमक्या कशावर वाढल्या, हे जाणकारांनी सांगावं.

बीटबॉक्स, पुणे

माझं मत नव्याच्या बाजूने. आज श्रोता रील्समधून येतो, आणि तिथे चालतं ते ताजं गाणं. साठा घेतलाच तर एक लक्षात ठेवा: यूट्यूबचा कंटेंट आयडी (आपलं रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणी चढवलं तर ते ओळखणारी व्यवस्था) छोट्या कंपनीला थेट मिळत नाही, एखाद्या वितरकामार्फत घ्यावा लागतो. तो नसेल तर तुमच्या अभंगावर दुसराच कोणी पैसे कमावेल. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांकही हवा, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक.

लॅमिंग्टनकर, डोंबिवली

सुरमयीताई, मी ऐंशीच्या दशकात लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये एका वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून लागलो. प्रिंटची पेटी एसटीच्या टपावर चढवायची, तालुक्याच्या गावी उतरायचं, थिएटरच्या दारात उभं राहून फाडलेली तिकिटं मोजायची. शेवटचा खेळ सुटला की मॅनेजरबरोबर बसून डीसीआर लिहायचा, म्हणजे त्या दिवशी कुठल्या वर्गाची किती तिकिटं गेली, कर किती, थिएटरचं भाडं किती, आपल्या वाट्याला काय. सही घेतली की पुढचं गाव.

नाझमध्ये तेव्हा मजल्यामजल्यावर वितरकांच्या पाट्या होत्या. आमच्या डोळ्यांदेखत कितीतरी पाट्या उतरल्या, आणि त्यातल्या अनेकांनी सिल्व्हर ज्युबिली पाहिलेली होती. सिनेमा घ्यायचा एका सर्किटपुरता, म्हणजे वितरणाच्या एका प्रदेशापुरता, आणि ठरावीक वर्षांपुरता. मुदत संपली की हक्क निर्मात्याकडे परत आणि कपाट रिकामं. मराठी सिनेमाला तर या व्यवहारात आपलं राज्यसुद्धा एकसंध मिळत नाही: पुणे-सातारा बॉम्बे सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाममध्ये. दर सिनेमाला पुन्हा पहिल्यापासून पैसा उभा करायचा. एक मोठा सिनेमा पडला की मागच्या चारांची कमाई गेलीच.

शेमारूचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. १९६२ मध्ये वॉर्डन रोडला पुस्तकं भाड्याने देणारं वाचनालय म्हणून ती सुरू झाली. १९७९ मध्ये तिथून व्हिडिओ कॅसेटी भाड्याने जाऊ लागल्या. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, घरोघरी व्हीसीआर आले, आणि १९८७ पासून त्यांनी स्वतःच कॅसेटींचं वितरण धरलं. माझ्या मते त्यांची वाढ समजून घ्यायची तर त्या भाड्याच्या काउंटरपासूनच सुरुवात करावी लागते. लोक कोणता सिनेमा पुन्हापुन्हा नेतात, हे काउंटरवर बसणाऱ्याला रोज दिसतं. आम्हा नाझवाल्यांना फक्त पहिला आठवडा दिसायचा. त्यांनी जुन्या सिनेमांचे हक्क गोळा केले, काही ठरावीक वर्षांसाठी आणि काही कायमचे. मग यंत्रं बदलत गेली आणि माल तोच राहिला: व्हीएचएस, व्हीसीडी, डीव्हीडी, सॅटेलाइट, यूट्यूब. २०१४ मध्ये त्यांनी १२० कोटींचा शेअर इश्यू आणला आणि २०२० मध्ये शेमारू मराठीबाणा ही वाहिनी काढली.

उलट बाजूही पाहा. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली तेव्हा रस्त्यारस्त्यावर ढीग लागले होते. माझ्या ओळखीच्या दुकानदारांनी कर्ज काढून माल भरला. पुढे तबकडीच गेली आणि २०१८ मध्ये कंपनीही दिवाळखोरीत निघाली.

टी-सिरीजकडून दुकानदारी शिकण्यासारखी आहे. १९८३ मध्ये गुलशन कुमारांनी कंपनी काढली तेव्हा कॅसेट घ्यायला संगीताच्या दुकानातच जावं लागायचं. त्यांनी ती किराणावाल्याकडे आणि पानाच्या टपरीवर नेली, भाव खाली आणला आणि भजनं भरभरून काढली. त्यांची हनुमान चालिसा २०११ मध्ये यूट्यूबवर चढली आणि पुढे १०० कोटी व्ह्यूजच्या पार गेली. बीटबॉक्स, ताज्या गाण्याबद्दल तुमचं बरोबर असेलही, पण भजन-अभंगाला ताजं-शिळं नसतं. ऐकणारा ते पहाटे लावतो आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच लावतो.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जाऊन बघा. कॅसेटींच्या काळात तिथे भीमगीतांचे स्टॉल ओळीने असायचे. वर्तमानपत्रात कधी नाव न आलेली छोटी लेबलं त्या दोन-तीन दिवसांत वर्षभराचा माल विकायची. समोर नव्या गायकाची कॅसेट आणि शेजारी प्रल्हाद शिंदे. मी स्वतः पाहिलंय, बाई पिशवीतून घासून आवाज गेलेली जुनी कॅसेट काढून दाखवायची आणि म्हणायची, 'हीच द्या, नवी नको.' त्या कॅसेटचे हक्क ज्याच्याकडे, तो टिकला.

म्हणून माझं सांगणं, कराडचा साठा घ्या. सिनेमा लावायचाच तर कमिशनवर लावा, मिनिमम गॅरंटी आत्ता देऊ नका. आणि हिशेब! गायक-वादकांना दर सहामाहीला लेखी हिशेब द्या, रक्कम शंभर रुपये असली तरी. मी काम केलं त्यातल्या एका ठिकाणी कलावंतांना हिशेब मिळायचा नाही. गाणी चालत होती, तरी एकेक करून सगळे चांगले गायक निघून गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कलम एकोणीस, औरंगाबाद खंडपीठ

काकांशी सहमत, पण घेण्याआधी कागद बघा. अभंगाचे शब्द तुकोबांचे, त्यावर कोणाचा हक्क नाही. चाल मात्र संगीतकाराची, ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, आणि गायकाचा कलावंत म्हणून वेगळा हक्क. विक्रेत्याकडे संगीतकाराचा करार नसेल तर तुम्ही फक्त टेप विकत घेताय.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक झालं: जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. नव्वदच्या दशकातला माल असेल तर पुष्कळ वर्षं हातात आहेत.

सुरमयी, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कागद पाहून आले. १९९६ चे स्टॅम्प पेपर आहेत, त्यावर एवढंच लिहिलंय: 'ध्वनिफितीचे सर्व हक्क दिले'. मुदत नाही, प्रदेश नाही. संगीतकार हयात आहेत, वडूजला राहतात. मुख्य गायक गेले, मुलगा साताऱ्याला असतो. मास्टर टेपा लोखंडी कपाटात आहेत, काहींच्या कडेला पांढरे ठिपके दिसले.

कलम एकोणीस, औरंगाबाद खंडपीठ

मग आधी वडूज आणि सातारा. दोघांशी नवा करार करा: माध्यमं नावानिशी, मुदत, प्रदेश, आणि रॉयल्टीचा वाटा. तो सही होईपर्यंत कराडला पूर्ण रक्कम देऊ नका, इसार द्या. संगीतकार आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद आहेत का, तेही विचारून घ्या. सभासद असतील तर काही हक्क त्या संस्थेकडे असतील.

लॅमिंग्टनकर, डोंबिवली

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. त्या टेपा घरच्या डेकवर मुळीच लावू नका. हेड खराब होतं आणि तीच बुरशी दुसऱ्या टेपेला लागते. ठिपकेवाल्या वेगळ्या काढा, कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि जुन्या टेपांचं काम करणाऱ्या स्टुडिओकडूनच साफ करून डिजिटल करून घ्या. प्रत्येक डब्यावरचं लेबल आणि आतली चिठ्ठी यांचा फोटो आधी काढा. ढोलकी कोणी वाजवली, पेटीवर कोण होतं, हे बहुतेकदा त्या चिठ्ठीवरच सापडतं. वडूजला जाताना ती यादी संगीतकारांना वाचून दाखवा. चुकलेली नावं ते दुरुस्त करतील, आणि ज्यांचे पत्ते लागत नाहीत तेही त्यांना माहीत असतील.