10 गुंठे घरच्या धान्याला, आणि निर्णय बाईचा: पटतं का?

शिवारवाली, चिकोडी
ऊस वाढत गेला तशी आपल्या भागात तूर-मूगसुद्धा विकत आणायची पाळी आली. रेशनचा तांदूळ आहे, ऑगस्ट 2023 पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये कर्त्या बाईच्या नावावर आहेत. तरी उसाच्या लागणीआधी 10 गुंठे बाजूला काढावेत आणि तिथं काय पेरायचं ते बाईनंच ठरवावं.

खानापूरकर
10 गुंठ्यांत घर भागत नाही, ताई. पाच माणसांना रोज दीड किलो जोंधळा धरला तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागतो. कोरडवाहू शाळू तेवढ्यात एक-दीड क्विंटल उतरला तरी पुष्कळ. वर खुरपण, काढणी, कणसं खुडणं बाईच्याच अंगावर. उसाला टोळी येते, इथं कोण येणार? त्या 2000 मध्ये बाजार करावा, तिचे कष्ट तरी वाचतील.

शिवारवाली, चिकोडी
दादा, तुमच्याच हिशेबानं महिन्याला 45 किलो जोंधळा. 40 रुपये दर धरला तर 1800 गेले, डाळीला उरलं काय? म्हणून जोंधळा नव्हे, डाळ घरची करा. तुरीत मुगाच्या ओळी टाका. मूग 65-70 दिवसांत निघतो, तूर मागं उभी राहते. 50 किलो तूर आली तरी भरडून 35 किलो डाळ होते.
माल जातो तो साठवणीत. भुंगा शेतात शेंगेवरच अंडी घालतो, मग घरात साठवलेल्या दाण्यांवरही घालून वाढत जातो. दोन-तीन कडक उन्हं द्या, मग रात्रभर सावलीत निवू द्या. गरम तूर डब्यात भरली की आत घाम सुटतो नि बुरशी धरते. खायची तूर लवकर भरडून टाका, डाळीला भुंगा फारसा लागत नाही. बियाण्याला किलोला 5 मिली गोडेतेल चोळून ठेवा.

अथणीचा मळा
हे सगळं खरं, पण उताऱ्यावर नाव कुणाचं? सोसायटीचं पीककर्ज त्यावर, कारखान्याला ऊस त्याच नावावर. कर्नाटकात 1994 पासून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे, पण सासरच्या शिवारात राबते ती सून, आणि तिचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं. आधी नवरा-बायकोचं जोडनाव लावा, मग निर्णयाचं बोला. नाहीतर पुढच्या लागणीला तुमचे 10 गुंठे पहिल्यांदा उसात जातील.

शिवारवाली, चिकोडी
नाव लावाच, त्यात वाद नाही. पण तलाठ्याकडं कागद फिरेस्तोवर मृग निघून जातो. यंदाची तूर जूनमध्येच पेरायला हवी.