‘राइट’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द नेमका कोणता?

धरमपेठेतील शिक्षिका:
नमस्कार. मी सातवीला इंग्रजी शिकवते. परवाच्या चाचणीत ‘राइट’चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. नमुना उत्तरात ‘राँग’ असल्यामुळे एका मुलीचे ‘लेफ्ट’ हे उत्तर मी चूक ठरवले. “मॅडम, मग उजव्या हाताच्या विरुद्ध काय?” असे तिने विचारले, तेव्हापासून तो कापलेला गुण मला बोचतो आहे. हे दोन अर्थ योगायोगाने एकत्र आले, की त्यांचे मूळ एकच आहे?

भाषेचा अभ्यासक, महाल:
मूळ एकच आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सरळ’ असा होता आणि आपला ‘ऋजु’ त्याच धातुकुळातला आहे. जे सरळ ते योग्य, आणि ज्या हाताने काम करणे योग्य मानले गेले तो ‘राइट’ हात, असा हा अर्थविस्तार झाला. त्यापूर्वी इंग्रजीत उजव्या हाताला ‘अधिक बळकट’ अशा अर्थाचा शब्द होता, तर ‘लेफ्ट’चा जुना अर्थ ‘दुबळा’. मराठीतही आपण डावे-उजवे करतो आणि कामात सरस असलेल्याला उजवा म्हणतो, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. काटकोनाच्या ‘राइट अँगल’मध्ये मात्र जुना ‘सरळ’ हाच अर्थ टिकून आहे; तिथे ‘लेफ्ट’ही चालत नाही आणि ‘राँग’ही नाही.

वकील, नागपूर खंडपीठ:
‘हक्क’ हा तिसरा अर्थ राहिला. त्याच्या विरुद्ध ‘ड्यूटी’ असे पुष्कळ जण लिहितात, पण वेस्ली होफेल्ड या अमेरिकी कायदेपंडिताने 1913 च्या लेखात दाखवले की कर्तव्य हे हक्काचे विरुद्ध नसून त्याची दुसरी बाजू आहे: माझे पैसे परत मिळण्याचा मला हक्क आहे, म्हणजेच ते परत करणे ऋणकोचे कर्तव्य आहे. हक्काच्या विरुद्ध त्याने ‘नो-राइट’, म्हणजे हक्क नसणे, हा शब्द योजला. आपल्या संविधानातही 1976 मध्ये मूलभूत कर्तव्ये आली ती हक्कांच्या जोडीला, त्यांच्या विरोधात नव्हे.

निवृत्त मुख्याध्यापक, सीताबर्डी:
गुण अवश्य द्यावा. दोष प्रश्नाचा आहे, मुलीचा नाही. ‘ओल्ड’ विचारले तरी हीच अडचण येते, कारण घर जुने असेल तर ‘न्यू’ आणि माणूस म्हातारा असेल तर ‘यंग’. सुटा शब्द न देता वाक्य द्यावे.

धरमपेठेतील शिक्षिका:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरपत्रिका अजून माझ्याकडेच आहेत. सोमवारी वर्गासमोर तिचा गुण वाढवते आणि ‘ऋजु’ हा शब्द फळ्यावर लिहिते.